गिर्यारोहणाने आत्मविश्वास येतो का? येतो, पण चढण्यापेक्षा दोर धरण्यातून जास्त

प्रश्न थोडक्यात असा: वय २७, गाव नाशिक. राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेपर्यंत जाऊन दोनदा हुकलं. सध्या वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो. मित्रांनी ओढून जवळच्या हरिहर गडावर नेलं. पायऱ्यांच्या मध्यावर हातपाय थिजले, मागचे लोक ओरडायला लागले, शेवटी एका मित्राने हात धरून वर घेतलं. तरीही घरी आल्यावर कितीतरी महिन्यांनी शांत झोप लागली. उंचीची भीती असताना क्लाइंबिंग शिकता येईल का? गेलेला आत्मविश्वास त्याने परत येतो का? आणि सगळं सोडून, गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करून याच क्षेत्रात उतरावं का?

मी बरीच वर्षं प्रस्तरारोहण शिकवते आहे आणि हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकला आहे, म्हणून उत्तरं आधी देऊन टाकते. शिकता येईल. आत्मविश्वास येतो, पण लोक समजतात त्या वाटेने नाही. सगळं सोडून यात उतरणं मात्र आत्ता नको. आता कारणं.

आधी हरिहरचं बघू, कारण त्या प्रसंगाचा तुम्ही भलताच अर्थ लावून बसला आहात. त्या कातळातल्या पायऱ्या दिसायला जवळजवळ उभ्या आहेत, पण चढायला तशा अवघड नाहीत. दोन्ही बाजूंना बोटं अडकवायला खोबण्या कोरल्या आहेत आणि ज्याने त्या कोरल्या त्याला माणसाचा हात कुठवर पोचतो हे नेमकं माहीत होतं. १८१८ मध्ये इंग्रजांनी नाशिक भागातले किल्ले घेतले तेव्हा कितीतरी गडांच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या. हरिहरच्या पायऱ्या त्यातून वाचल्या. तेव्हा दोष पायऱ्यांना देऊ नका, रविवारला द्या. एका वेळी एकच माणूस नीट मावेल अशा जागी चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात, मागून "चला, चला" सुरू होतं, कोणीतरी वळून सेल्फी काढत असतो. अशा जागी तुम्ही थिजलात त्यात उंचीची भीती किती आणि मागच्या रांगेची लाज किती, याचा एकदा हिशेब मांडा. माझा अंदाज, लाजेचा आकडा मोठा निघेल. निकालानंतर गल्लीतून जाताना जी लाज वाटली असेल, तीच ही.

उंचीची भीती वेगळी. ती शरीराची आहे आणि सगळ्यांना असते. लीड करताना, म्हणजे सगळ्यांत पुढे, कातळातल्या बोल्टांत दोर अडकवत चढताना, शेवटचा बोल्ट पायाखाली गेला की माझ्याही पोटात अजून खड्डा पडतो. ही भीती जात नाही आणि जाऊही नये. ज्यांची गेली आहे असं ते सांगतात, त्यांच्या दोरावर मी चढत नाही. लाजेची भीती मात्र जाते. ती जायला बरी जागा, हेल्मेट, दोर आणि न ओरडणारी चार माणसं लागतात. हरिहरवर यातलं काहीच नव्हतं. (पुन्हा जाल तेव्हा आठवड्याच्या मधल्या वारी जा आणि उतरताना तो उभा टप्पा तोंड कातळाकडे करून उतरा. निम्मे लोक पाठ टेकवून बसत बसत उतरतात आणि त्यातच घसरतात.)

पहिल्या शिबिरात काय होतं ते सांगते. नवख्यांना आम्ही पंचवीस-तीस फुटांच्या कातळावर टॉप रोपवर चढवतो. दोर वरच्या अँकरमधून फिरून खाली आलेला असतो, एक टोक तुमच्या हार्नेसला (कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे) आणि दुसरी बाजू बिले देणाऱ्याच्या, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्याच्या, हातात. हात सुटला तर दोर ताणला जाईल तेवढंच खाली याल. पहिले आठ-दहा फूट सगळेच हातांनी ओढून चढतात. मग कोपराखालचा हात टणक होतो, बोटं आपोआप उघडायला लागतात आणि चवड्यावर तोललेला पाय थडाथडा उडायला लागतो. आमच्यात याला "मशीन सुरू झालं" म्हणतात. चढणाऱ्याची खात्रीच पटते की ही भीती आहे, सगळ्यांना दिसते आहे, आता संपलं. खरं तर टाच उचलून सगळा भार चवड्यावर ठेवल्याने पोटरी दमलेली असते, भीती त्यात भर घालते इतकंच. खालून एवढंच सांगायचं असतं: टाच खाली घे. श्वास पूर्ण सोड. एक हात सरळ खाली लोंबकळू दे, झटक. आता हाताचं विसर, पायासाठी होल्ड, म्हणजे टेकायला जागा, शोध. टाच खाली गेली की बहुतेकांचा पाय थांबतो. मग ते खाली वाकून स्वतःच्याच पायाकडे बघतात, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. ज्याला आपण आपला स्वभाव समजत होतो त्यावर टाच टेकवण्याइतका साधा इलाज होता, हे कळायला तिथे फार बोलावं लागत नाही.

मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये हेच नीट मांडलं. अमुक काम मला जमेल, हा विश्वास चार ठिकाणांहून येतो: स्वतः करून पाहिलेलं काम, आपल्यासारख्याच कोणाला ते करताना पाहणं, जवळच्यांनी दिलेला धीर, आणि धडधड, घाम, थरथर यांचा आपण लावलेला अर्थ. यात पहिलं सगळ्यांत बळकट. कातळावर एका दुपारीत चारही गोष्टी हाताला लागतात, म्हणून तिथे बदल लवकर दिसतो. पण बँडुरांच्या मांडणीतली दुसरी बाजू जाहिराती सांगत नाहीत. हा विश्वास त्या त्या कामापुरता असतो. तैलबैलाची उभी कातळभिंत लीड करणारी आणि साहेबाकडे रजा मागताना चाचरणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत. वानरलिंगी सुळक्याच्या माथ्यावर फोटो काढला म्हणून मुलाखतीच्या खोलीत आवाज खणखणीत निघेल, असं नाही. "स्वतःला शोधा, फक्त दोन दिवसांत" छापाच्या पोस्टरवर पैसे घालवू नका.

मग दुकानापर्यंत, घरापर्यंत काय पोचतं? माझ्या पाहण्यात दोन गोष्टी पोचतात आणि दोन्ही बिलेतून येतात.

एक म्हणजे आवाज देणं. कातळावर सगळं बोलून चालतं. "ऑन बिले?" विचारायचं, उत्तर आल्याशिवाय पाय उचलायचा नाही. दोर सैल हवा तर "स्लॅक", ताणून हवा तर "टाइट". हट्टी माणसं, त्यातही मुलगे, टाइट मागत नाहीत. बोटं पूर्ण सुटेपर्यंत गप्प राहतात आणि मग एकदम पडतात. म्हणून मी नवख्यांना दहा फुटांवर, गरज नसताना, मोठ्याने टाइट मागायला लावते आणि दोरावर बसायला लावते. पहिल्या वेळी आवाज निघतच नाही, खालच्याला ऐकूच जात नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला निघतो. सगळ्यांदेखत मदत मागितली आणि कोणी हसलं नाही, याची सवय लागायला वेळ लागतो, पण एकदा लागली की ती माणूस घरी घेऊन जातो. तुमच्या प्रश्नात दोन परीक्षा आणि मधली सगळी वर्षं आहेत, पण त्या काळात तुम्ही कोणाशी बोललात, असं कुठेच नाही.

दुसरी गोष्ट दोर धरणं. ही मला चढण्यापेक्षा मोठी वाटते. बिले देणाऱ्याचा एक हात ब्रेकचा, तो दोरावरून सुटायचा नाही. नाकाला खाज आली, मानेवर माशी बसली, खिशात फोन वाजला, तरी नाही. दोर आत घेताना हात सरकवायचा, उचलायचा नाही. चढणं सुरू होण्याआधी दोघांनी एकमेकांची तपासणी करायची: हार्नेसचं बकल, फिगर ऑफ एटची गाठ, कॅराबिनरचा (दोर अडकवायच्या धातूच्या कडीचा) स्क्रू. साधा क्लाइंबिंग कॅराबिनर बंद असताना साधारण २२ किलोन्यूटन, म्हणजे दोन टनांहून अधिक भार पेलतो, पण तोंड उघडं राहिलं तर त्याची ताकद निम्म्याहून खाली येते. ही तपासणी आपल्या गुरूचीही करायची, त्यात मान-अपमान नाही. मी चढायच्या आधी कालच्या पोराने माझी गाठ ओढून बघितली नाही तर मी त्यालाच खाली उभं करून पुन्हा विचारते.

आता याच्यात तुमच्यासाठी काय आहे ते बघा. ज्याचं नाव यादीत लागलं नाही त्याला घरात आणि बाहेर कोणी जोखमीचं काम सांगत नाही. सगळे जपून बोलतात, नाहीतर "पुढे काय ठरवलं?" विचारतात. इथे मात्र सकाळी ओळख झालेली एक मुलगी दुपारी तुमच्या हातातल्या दोरावर वर जाते. तिने तुमची गुणपत्रिका बघितलेली नाही, तुमचा ब्रेकचा हात बघितला आहे. वर तिचा पाय निसटतो, दोराचा झटका तुमच्या कमरेत बसतो, तुम्ही अर्धं पाऊल पुढे ओढले जाता आणि ती तिथेच थांबते. ती "थँक्स" म्हणून पुन्हा चढायला लागते, कारण यात विशेष काही झालंय असं तिला वाटतच नाही. शिबिरातून बदलून गेलेली माणसं मी आठवते तेव्हा बहुतेकांच्या बाबतीत तो क्षण हाच होता. शिखराचा फोटो क्वचित.

उद्देशाचंही तसंच. तो हिमालयात सापडतो असं धरून जाणारे परत आले की सहा महिन्यांत पुढच्या शिखरासाठी पैसे गोळा करायला लागतात आणि मधल्या काळात पुन्हा उदास. ज्यांचं बरं चाललं आहे, त्यांच्याकडे डोंगरातलं काहीतरी काम आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता, जेसीबी वर जाऊ शकत नव्हते. पावसात, अंधारात, चिखलाच्या चढावर सुरुवातीला पोचलेल्यांत खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्या संस्थांची माणसं होती. कोणी नोकरीवाला, कोणी दुकानदार. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र वर्षभर दरीत पडलेल्यांना, वाट चुकलेल्यांना बाहेर काढत असतात. ह्या लोकांना तुम्ही "तुमच्या जगण्याचा उद्देश काय" असं विचारलंत तर ते हसतील आणि स्ट्रेचर पुसायला लागतील.

एवढं मोठं काम पहिल्या दिवशी कोणी देत नाही. गडावरच्या टाक्यातला गाळ काढणं असतं, शिबिरात दोर गुंडाळून त्यांची नोंद ठेवणं असतं. सह्याद्रीतल्या सुळक्यांवरचे जुने बोल्ट आणि मेखा चार महिन्यांच्या पावसाने गंजतात, त्या काढून स्टेनलेस स्टीलचे बोल्ट बसवणं हे तर न संपणारं काम आहे. आणि इथे तुमचं दुकान कामी येतं. गंज कुठवर आत गेला आहे, ड्रिलचा बिट कधी बोथट झाला, भोक साफ न करता बोल्ट ठोकला तर काय होतं, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं कळत असणार. (दुकानातले साधे अँकर बोल्ट उत्साहाने कातळात ठोकू नका. क्लाइंबिंगचे बोल्ट आणि हँगर (बोल्टवर बसवायची, कॅराबिनर अडकवायची पट्टी) वेगळ्या मानांकनाचे असतात आणि ते बसवायला जाणता माणूस लागतो. आपला बेसाल्ट थरांचा आहे, एक थर ठणठणीत तर त्याच्या वरचा हाताने निघेल असा.)

आता करिअर. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ ची, दार्जिलिंगची त्याआधीची, १९५४ ची. मनालीतही सरकारी संस्था आहे. बेसिक कोर्स साधारण २८ दिवसांचा. पाठीवर ओझं घेऊन चालणं, कातळ, मग बर्फ आणि हिमनदी, थोडी उंची. जरूर करा. वय २७ म्हणजे उशीर नाही. 'ए' श्रेणी मिळाली तर पुढे ॲडव्हान्स करता येतो. पण कोर्सचं प्रमाणपत्र म्हणजे नोकरी नव्हे. आपल्याकडे ट्रेक लीडरची कमाई शनिवार-रविवारवर आणि हंगामावर चालते. घर चालवण्याइतकं यातून उभं करणारे आहेत, पण ते आधी पाच-सात वर्षं दुसऱ्या कशावर तरी टिकून होते. साताऱ्याची प्रियांका मोहिते बघा. २०१३ मध्ये एव्हरेस्ट, पुढे ल्होत्से, मकालू, २०२१ मध्ये अन्नपूर्णा, २०२२ मध्ये कांचनजुंगा. आठ हजार मीटरवरची पाच शिखरं करणारी ती पहिली भारतीय महिला, आणि हे तिने बेंगळुरूत औषधनिर्माण क्षेत्रातली नोकरी सांभाळत केलं. पुण्याची गिरिप्रेमी संस्था १९८२ ची. उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली तिची एव्हरेस्ट मोहीम झाली २०१२ मध्ये. मधली तीस वर्षं ही मंडळी काही रिकामी बसली नव्हती, सह्याद्रीतल्या कड्या-सुळक्यांवर आणि हिमालयातल्या लहान-मोठ्या मोहिमांवर घासत होती. तेव्हा दुकान सोडू नका. परीक्षेचा आणखी एक प्रयत्न करायचा की नाही हेही डोंगराला विचारू नका, ते वेगळं ठरवा.

जोखमीबद्दल गोड बोलणार नाही. मुंबईचे अरुण सावंत म्हणजे सह्याद्रीतल्या जुन्या-जाणत्यांपैकी. जानेवारी २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर रॅपलिंगच्या (दोरावरून कडा उतरण्याच्या) मोहिमेत ते गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये द्रौपदी का डांडा शिखरावर हिमस्खलन होऊन उत्तरकाशीच्या संस्थेचे पंचवीसहून अधिक प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक गेले. त्यात त्याच वर्षी एव्हरेस्ट केलेली सविता कंसवालही होती. अनुभव, संस्था, शिस्त हे सगळं असूनही असं घडतं. ते नसेल तर किती सहज घडेल, याचा विचार करा. आत्मविश्वास वाढला म्हणून दोन महिन्यांत दोराशिवाय लिंगाण्याच्या सुळक्याला जाणारे मला दरवर्षी भेटतात. त्यांना मी आत्मविश्वास असलेले म्हणत नाही.

आणि ती झोप. कितीतरी महिन्यांनी झोप लागली हे वाक्य तुम्ही सहज लिहिलंत, मी त्यावर थांबले. व्यायामाने, थकव्याने झोप येते हे खरं. जर्मनीत एर्लांगेनच्या संशोधकांनी नैराश्य असलेल्या लोकांवर बोल्डरिंगचा (दोराशिवाय, कमी उंचीवर चढण्याचा) प्रयोग केला, २०१५ च्या सुमारास त्याचे निष्कर्ष आले: आठ आठवडे, आठवड्याला तीन तास, आणि लक्षणं बऱ्यापैकी कमी झाली. पण तिथे नुसतं चढणं नव्हतं, सोबत मनोपचारांची बैठक होती, प्रशिक्षित माणसं होती. आमच्या शिबिरात तसं कोणी नसतं. सतत झोप उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर आधी डॉक्टर. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर मराठीतही बोलता येते. कातळ त्याच्या जोडीला ठेवा, त्याच्याऐवजी नाही. आणि चढणं सुरू करायचंच असेल, तर औषध चालू असल्यास ते मला नीट सांगा. काही गोळ्यांनी गरगरतं, तेव्हा मी तुम्हाला चढवेन, पण बिले देऊ देणार नाही.

सुरुवात ऑक्टोबरनंतर करा. पावसाळ्यात कातळावर शेवाळ असतं आणि मार्चनंतर दगड तापतो. नाशकात वैनतेय ही जुनी संस्था आहे, आणखीही मंडळं आहेत. कुठेही जा, पण जाण्याआधी विचारा: एका प्रशिक्षकामागे किती जण, दोर कधी घेतलेले, प्रथमोपचार कोणाला येतात, जवळचं रुग्णालय कुठलं. पैसे घेऊन नेणारी कंपनी असेल तर राज्याच्या पर्यटन संचालनालयाकडे साहसी पर्यटनाची नोंदणी आहे का, तेही. या प्रश्नांनी वैतागणाऱ्याकडे जाऊ नका. वडिलांना एकदा सोबत आणा, बघू दे. पायथ्याला बसून चहा पिता पिता वडीलमंडळी किती बारकाईने गाठी बघतात, तुम्हाला कल्पना नाही.

सामान आत्ता विकत घेऊ नका. दोर तर मुळीच नको, वापरलेला तर त्याहून नको. साधे, तळ न घसरणारे बूट पुरेत. बरेच जण अजून ॲक्शन ट्रेकिंगवरच शिकतात. हेल्मेट, हार्नेस शिबिरात मिळतं. नखं कापून या. बोटातली अंगठी, मनगटातलं कडं घरी ठेवा, कारण कातळाच्या फटीत अंगठी अडकून अंग खाली आलं तर बोट जातं. अंगावर अत्तर किंवा डिओ नको, आपल्या कड्यांवर आग्या मोहोळ असतं आणि त्यांना तो वास चालत नाही. दीड-दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, डोक्याला रुमाल. आणि पहिल्या दिवशी आल्या आल्या मी तुम्हाला चढायला सांगणार नाही, गाठ मारायला सांगणार आहे. फिगर ऑफ एट आधीच बघून आलात तर बरं, पण तीच गाठ डोळे मिटून मारायला सांगेन तेव्हा अंगठे कुठे ठेवायचे ते तिथेच कळेल.